इबुंच्या घड्याळात साडेचार

ट्रॉयमध्ये आम्ही राहायचो त्या इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची चार मशीन होती. २००५ च्या जूनमध्ये मी नवऱ्यापाठोपाठ अमेरिकेत आले. पहिल्याच आठवड्यात त्या तळघरात एक वयस्कर बाई भेटल्या. डोक्यावर पांढरा रुमाल, पायात मोजे आणि रबरी चपला. मशीन थांबायची वाट पाहत त्या बाकावर बसल्या होत्या. माझ्या मनगटाकडे बोट करून त्यांनी विचारलं, "जाम बरापा?"

मला कळलं नाही, पण घड्याळाकडे बोट म्हणजे वेळच विचारत असणार. मी हात पुढे केला. त्यांनी घड्याळ अगदी डोळ्यांजवळ नेलं, तरी दिसेना. मग मी बोटांवर मोजून अकरा दाखवले. त्या हसल्या.

ते घड्याळ वडिलांनी मला बी.ए. झाल्यावर दिलं होतं. वडील आमच्या तालुक्याच्या शाळेत शिपाई. शाळेची घंटा तेच द्यायचे आणि बाजारातले दुकानदार त्यांच्या टोलावर आपली घड्याळं लावायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. निकालाच्या दिवशी त्यांनी घड्याळ माझ्या हातात बांधलं आणि एवढंच म्हणाले, "वेळ सांगणाऱ्यानं चुकू नये, बाई. लोक विसंबून असतात."

त्या बाई इंडोनेशियातल्या सुराबायाच्या. आमच्याच मजल्यावर मुलीकडे राहत होत्या. मुलगी नर्स होती, तिला शनिवार-रविवारीही ड्यूटी असायची. इबुंना, म्हणजे आईंना, इंग्रजी येत नव्हतं आणि मोतीबिंदूमुळे धड दिसत नव्हतं. नवऱ्यामुळे मिळालेल्या माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती, दिवस मोकळाच होता. मुलीने विचारलं, "दुपारी थोडा वेळ आईजवळ बसशील का?" मी लगेच हो म्हटलं. खरं तर मलाच कुणीतरी हवं होतं.

तिने मला एका कार्डावर वेळेचे शब्द लिहून दिले. 'जाम बरापा' म्हणजे किती वाजले. 'जाम तीगा' तीन, 'जाम लीमा' पाच. साडेचारला ते अर्धे पाच म्हणतात, 'सतंगाह लीमा'. 'सुदाह' म्हणजे झालं आणि 'बलुम' म्हणजे अजून नाही. हे शेवटचे दोन शब्द मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडले. इबु दुपारभर वेळ विचारायच्या. मुलगी पावणेपाचला यायची, तिची वाट बघणं सुरू असायचं.

"जाम बरापा, न्दुक?" न्दुक म्हणजे पोरी.

"जाम तीगा, इबु."

"बलुम?"

"बलुम."

पुन्हा वीस मिनिटांनी तेच. मला कंटाळा येत नसे. वेळ विचारून कुणीतरी माझ्यावर विसंबत होतं. कुणी पाहुणं आलं की त्या मला पुढे करून सांगायच्या, "सार्जाना." म्हणजे पदवीधर. बी.ए. तिसऱ्या श्रेणीत झालेल्या मला संकोच वाटायचा, पण आवडायचंही.

त्यांच्या पलंगाजवळ मोठ्या आकड्यांचं एक टेबलावरचं घड्याळ होतं. तेवढंच त्यांना दिसायचं, पण ते सुराबायाच्या वेळेवर लावलेलं होतं, इथल्यापेक्षा अकरा तास पुढे. मुलगी म्हणायची, "इथल्या वेळेवर लावून देते." इबु हात लावू द्यायच्या नाहीत. थोरला मुलगा तिकडे किती वाजता उठला, नातवंडं शाळेत गेली का, हे त्यांना त्यावरून कळायचं.

वेळेच्या बाबतीत मी आधी एकदा फसले होते. संकष्टीचा उपास मी इथेही सोडला नव्हता. जुलैत गावाहून आणलेल्या कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ बघून मी आरतीचं ताट घेऊन बाल्कनीत गेले. चंद्र कुठला, अजून उजेडच होता.

नवरा दारात उभा राहून हसायला लागला. "अगं, तो अकोल्याचा चंद्र आहे. इथला ड्यूटीवर यायचाय अजून यार!"

त्यानंतर तो मला कॉम्प्युटरवर इथली वेळ काढून द्यायचा. मला वाटलं, झालं, शिकले मी.

ऑक्टोबरात रमजान सुरू झाला. इबुंनी एकही दिवस सोडला नाही. मुलगी मला म्हणाली, "बाळंतपणं, पाळीचे दिवस सोडले तर आईचा एक रोजा चुकलेला नाही. या वयात, या देशात ती काळजी करते, की आपल्याकडून पुरा होईल ना महिना." उपासाला त्यांच्याकडे 'पुआसा' म्हणतात, तो शब्द मला पाठ करावा लागला नाही. मशिदीतून आलेला वेळांचा तक्ता फ्रिजवर लावलेला होता. उपास सोडायची वेळ मुलगीच सांगायची, कारण तोवर ती घरी आलेली असायची आणि मी माझ्या घरी.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातला रविवार. नवरा कंपनीच्या कामाने ओहायोला गेला होता. मी दुपारी इबुंकडे गेले. बाहेर सकाळपासून पाऊस आणि खाली आलेले ढग, खोलीत दिवा लावूनच बसलो होतो. त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळात आणि माझ्या घड्याळात एकच वेळ होती. पावणेपाच झाले, मुलगी आली नाही. पाच वाजले. सव्वापाच झाले. वाटलं, पावसाने अडकली असेल, नाहीतर ड्यूटी वाढवली असेल. आता वेळ मलाच सांगायला लागणार होती. मी फ्रिजवरच्या तक्त्यात त्या दिवसाची ओळ शोधली. साडेपाच. मी खजूर ताटलीत काढले, मुलीने सकाळी करून ठेवलेली केळ्यांची नारळाच्या दुधातली खीर गरम केली, पाण्याचा पेला भरला.

बरोबर साडेपाचला मी म्हटलं, "सुदाह, इबु."

त्यांनी खजूर उचलला आणि थांबल्या. खिडकीकडे पाहिलं. मग पलंगाजवळच्या घड्याळाकडे पाहिलं. "बलुम," त्या म्हणाल्या. बोटाने घड्याळ दाखवून काहीतरी सांगत राहिल्या. मी जवळ जाऊन पाहिलं, त्यात तिकडचे पहाटेचे साडेचार वाजले होते. काल उपास सोडताना त्या घड्याळात साडेपाच होते, असं त्या सांगत होत्या. एवढं मला समजलं. पण त्याचा अर्थ मी लावला नाही. सुराबायाच्या घड्याळाचं इथे काय, असंच मनात आलं. अकोल्याच्या चंद्रासारखं.

मी फ्रिजवरचा तक्ता काढून आणला. ओळीवर बोट ठेवलं. माझं मनगट पुढे केलं. "सतंगाह अनम," म्हटलं, म्हणजे साडेपाच.

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. "सार्जाना," असं स्वतःशीच म्हणून हसल्या, प्रार्थनेचे शब्द पुटपुटल्या आणि खजूर खाल्ला. पाणी प्यायल्या. खीर अर्धी संपली तेव्हा दार उघडलं.

मुलगी दारातच थांबली. आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे काय? अजून पाऊण तास आहे!"

मी म्हटलं, "नाही, पावणेसहा झाले. तुलाच तासभर उशीर झाला."

"पावणेपाच झालेत," ती म्हणाली. "काल रात्री घड्याळं तासाने मागे गेली. तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. घड्याळं सगळ्या देशाने एका रात्रीत मागे करायची असतात, हे मी कधी ऐकलंच नव्हतं. आमच्या गावात वडिलांची घंटा उन्हाळ्यात काय आणि थंडीत काय, त्याच वेळी वाजायची. सुराबायातही तसंच. त्या खोलीत एकच घड्याळ बरोबर होतं, जे कुणी हलवू दिलं नव्हतं ते.

मुलगीही कपाळाला हात लावून खाली बसली. "मी पहाटेच निघाले. भिंतीवरचं मागे करायचं राहिलं." मग तिने आईला सांगितलं. मला शब्द कळले नाहीत, पण इबुंचा हात वाटीवर थांबला, ते दिसलं. त्या उठल्या, चूळ भरून आल्या, वाटी झाकून ठेवली आणि पुन्हा खुर्चीत बसल्या. सूर्य मावळेपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही आणि हा दिवस नंतर भरून काढायचा, असं मुलीने मला समजावलं.

मी निघायला पाहिजे होतं, पण उठवेना. पाऊण तास आम्ही तिघी बसून राहिलो. मी दोनदा म्हटलं, "माफ करा." मुलगी म्हणाली, "अगं, माझीही चूक आहे." इबु रागावल्या नाहीत. पण त्या पाऊण तासात त्यांनी मला एकदाही वेळ विचारली नाही. पलंगाजवळचं घड्याळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यात साडेपाच वाजले तेव्हा मुलगी म्हणाली, "सुदाह."

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "अगं हो, घड्याळ मागे केलंस ना?"

"आत्ता केलं," मी म्हटलं.

"सॉरी यार, सांगायचं राहिलंच. काही झालं का?"

"झालं," मी म्हटलं. बाबांना मात्र ही गोष्ट मी पुढे कितीतरी वर्षं सांगितली नाही.

ईद झाली. इबुंनी त्यांच्याकडचे केक पाठवले, मी करंज्या पाठवल्या. नोव्हेंबरच्या मध्यावर मुलीने सांगितलं की गुरुवारी आई राहिलेला उपास करणार आहे आणि ती स्वतः सात वाजेपर्यंत ड्यूटीवर आहे. "तू बसशील?"

मी विचारलं, "इबुंना चालेल?"

"तिनेच सांगितलंय."

गुरुवारी मीही उपास केला. पाण्यावाचून राहणं मला जमलं नाही, पण खाल्लं काही नाही. मावळतीची वेळ कॉम्प्युटरवरून उतरवून घेतली, पाच वाजून आठ. नवऱ्याला ऑफिसात फोन केला. "माझ्याकडे तीन दहा. तुझ्याकडे?"

"तीन दहा. सकाळपासून तिसरा फोन आहे हा! टीममधले हसतायत."

"हसू देत," मी म्हटलं.

पाच वाजत आले. आकाश त्या दिवशी मोकळं होतं, समोरच्या पार्किंगमधल्या गाड्यांवर ऊन अगदी आडवं पडलं होतं. खजुराची ताटली टेबलावर, शेजारीच इबुंचं घड्याळ. आता त्याचे आणि माझ्या घड्याळाचे काटे सारखेच दिसत होते, तिकडे पहाटेचे पाच, इकडे संध्याकाळचे. त्यांना ते घड्याळ हातभरावरून स्पष्ट दिसत होतं. त्यांनी खजूर हातात घेतला, त्या घड्याळाकडे न बघता माझ्याकडे वळल्या.

"जाम बरापा, न्दुक?"

मी मनगटाकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, पुन्हा मनगटाकडे पाहिलं.

"जाम लीमा, इबु. बलुम."

"बलुम," त्या म्हणाल्या आणि खजूर परत ताटलीत ठेवला.