आमच्या गावात सिनेमा कुठं थांबतो

आमच्या गावात लष्करी सिनेमाचा शेवट कुणीही पाहिलेला नाही. गाव पाटण तालुक्यात आहे. जवळजवळ प्रत्येक घरातला एक जण सैन्यात आहे किंवा तिथून निवृत्त होऊन आलेला आहे. सिनेमे भरपूर पाहिले जातात, त्यातही लष्करी जास्त. फक्त शेवटची वीसेक मिनिटं राहिली की ते बंद केले जातात. वीज जात नाही, यंत्र बिघडत नाही. तशी रीत आहे.

ही रीत एका निवृत्त सुभेदारांनी घातली. ते पेन्शनवर आले तेव्हा गावात मोजकेच टीव्ही होते. एका घरी शेजारणी मिळून सिनेमा पाहत होत्या. शेवटी नायक सीमेवर मारला गेला. पाहणाऱ्यांतल्या एकीचा मुलगा त्या वेळी सीमेवरच होता. ती दोन दिवस जेवली नाही. मुलाचं खुशालीचं पत्र आलं तेव्हा जेवली. पुढच्या खेपेला असाच सिनेमा लागला, तेव्हा सुभेदार त्या घरी जाऊन दारापाशी उभे राहिले. शेवट जवळ आल्यासारखा वाटताच त्यांनी टीव्ही बंद केला आणि सावधान उभे राहून सांगितलं, "पुढचं मला म्हाईत हाय. समदी सुखरूप हैत. पोराची रजा मंजूर झाली. उद्या गाडीत बसतोय." बायका उठून स्वयंपाकाला गेल्या.

तेव्हापासून हे काम त्यांच्याकडे आहे. आता यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी समाजमंदिरात पडदा लागतो. खिडक्यांना घोंगड्या बांधतात, मंडळाचा प्रोजेक्टर लॅपटॉपला जोडतात आणि लॅपटॉपशेजारच्या खुर्चीवर सुभेदार बसतात. सिनेमा त्यांनी आधी पाहिलेला असतोच असं नाही. त्यांचं स्वतःचं शास्त्र आहे. जो जवान खिशातून बायकोचा फोटो काढून मित्राला दाखवतो, तो वाचत नाही. जो पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न असल्याचं सांगतो, तोही नाही. जाडा आणि विनोदी असेल तर मध्यंतराच्या आधीच जातो. त्याच्यासाठी सुभेदार सिनेमा थांबवत नाहीत, तेवढा भाग पुढं सरकवतात आणि सांगतात, "ह्याची पुण्याला बदली झाली." आजवर असे बरेच विनोदी जवान पुण्याला गेलेले आहेत.

शेवट मात्र ठरलेला. रजा मंजूर, दोन दिवस रेल्वे, कराडला उतरायचं, तिथून एसटीनं पाटण. नायक पंजाबातला असला तरी उतरतो कराडलाच. त्यावर बायका प्रश्न विचारतात. रिझर्वेशन होतं का, आणायला कोण गेलं, गाडी कुणाची नेली. सुभेदार एकेक उत्तर देतात. खालचा बर्थ होता. भाऊ गेला. चुलत्याची जीप.

बायका लढाईकडे फारसं लक्ष देत नाहीत. त्या जेवणाचे प्रसंग पाहायला येतात. पडद्यावर जवानांच्या हातात ताटं आली की समाजमंदिर शांत होतं. "भात कच्चा दिसतोय." "डाळीत काय बी न्हाई, निस्तं पानी." "येवढ्या थंडीत ताट घिऊन भाईर बसत्यात व्हय." पोरगं फोनवर कधीच नीट सांगत नाही, म्हणून ही माहिती इथून मिळवायची.

मी स्वतः बावीस वर्षं सांगलीच्या एका दैनिकात उपसंपादक आहे, राहते माधवनगरला. माझ्या धंद्यात शेवट पहिल्या वाक्यात येतो. कोण गेलं, कुठं गेलं, कसं गेलं, हे आधी. बाकीचं नंतर, आणि जागा कमी पडली तर बाकीचं कापायचं. त्यामुळे सुभेदारांच्या कामाबद्दल मला कुतूहल होतं, पण ते कधी आपल्या अंगावर येईल असं वाटलं नव्हतं.

यंदा यात्रेच्या आठवडाभर आधी सुभेदारांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून ते घरी बसले होते. पडद्याकडे बघायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"पोरी, तू पेपरवाली. तुला शेवट सांगायची सवय हाय."

"काका, आम्ही शेवट आधी सांगतो."

"मंग आता मागनं सांग. येवढा काय फरक पडतोय."

त्यांनी मला तीन खुणा समजावल्या: फोटो, बहिणीचं लग्न, जाडा माणूस. मी त्या वहीत लिहून घेतल्या. "आधी एकदा बघून ठेव," असंही ते म्हणाले. ते मी लिहून घेतलं नाही.

त्या दिवसांत आमच्या घरी एक गोष्ट बोलली जात नव्हती. माझा भाऊ सैन्यात आहे, तो वरच्या एका चौकीवर गेला होता. जाण्याआधी त्याने फोन करून सांगितलं होतं, तिथं रेंज नाही, पंधरा दिवस फोन लागणार नाही. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी अठरावा दिवस होता. आई त्याबद्दल काही विचारत नव्हती. रोज सकाळी फक्त एवढंच विचारायची, "फोन चार्ज हाय न्हवं?" आणि उत्तर ऐकून फोन पिशवीत घालून ती पिशवी कमरेला खोचायची.

सिनेमा आधी बघायला माझ्याकडे सकाळचे तीन तास होते. पाहुण्यांचं जेवण होतं, भाकऱ्या होत्या. बघणं झालं नाही. पान न वाचता छपाईला सोडणं हा आमच्याकडे सगळ्यात मोठा गुन्हा समजला जातो. मी तो सुट्टीत केला.

दुपारी समाजमंदिर भरलं. आई दुसऱ्या रांगेत खांबाला टेकून बसली. सिनेमा चांगला होता. मी वहीतल्या खुणा शोधत होते. नायकाने कुणाला फोटो दाखवला नाही. त्याला बहीण नव्हती. तुकडीत जाडा कुणी नव्हता, एक जण होता तो मध्यम. घड्याळाप्रमाणे अजून चाळीस मिनिटं बाकी होती. मग खंदकाशेजारी जेवणाचा प्रसंग आला आणि समाजमंदिर शांत झालं. नायकाच्या हातात ताट होतं. डाळ, भात, तीन पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. बायका पुढं वाकल्या. मीही पुढं वाकले. भाजीत रस्सा होता की ती सुकी होती, हे मी पाहत होते.

तेवढ्यात तोफेचा गोळा पडला.

मी बटण दाबलं, पण चार सेकंद उशिरा. पडद्यावर पालथं ताट तेवढं राहिलं.

मागून एक बाई हळू म्हणाली, "आता गं." आईने मागे वळून पाहिलं नाही. तिने कमरेची पिशवी सोडली, फोन काढला, पाहिला, परत ठेवला. मग पडद्याकडेच बघत म्हणाली, "थांबिवलंस न्हवं? मंग सांग की बाकीच्या बायास्नी पुढचं. माझं काय न्हाई, मला सिनेमा कळतो."

दैनिकात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा देतात. आतल्या पानावर, तळाला, छोट्या चौकटीत. मी खुलासे पुष्कळ लिहिलेत. उभी राहिले आणि तसाच एक दिला.

"आत्ता पडद्यावर जे दिसलं, त्यात चूक हाय. गोळा पडला तो लांब पडला. धूर मोठा होता म्हणून जवळ वाटला. नायक खाली वाकला, म्हणून दिसला न्हाई. कुणाला काही झालेलं न्हाई."

"रक्त कुठं दिसलं न्हाई, त्ये खरं," पुढच्या रांगेतली एक म्हणाली.

"ताट सांडलं की त्याचं," आई म्हणाली.

"सांडलं."

"मंग?"

"दुसरं वाढलं."

"गरम?"

याबद्दल माझ्याकडे काहीही माहिती नव्हती. बावीस वर्षांत मी सूत्राशिवाय एक वाक्य सोडलेलं नाही.

"गरम," मी म्हणाले.

"पुऱ्या किती दिल्या?"

"दोन."

"पैल्या ताटात तीन व्हत्या," तीन-चार जणी एकदम म्हणाल्या. पुऱ्या सगळ्यांनीच मोजल्या होत्या.

"तिसरी त्याने नंतर मागून घेतली."

हे पटलं. मग मी रजेच्या भागावर आले. रजा साठ दिवसांची मंजूर केली, नायकाला रेल्वेत बसवलं, खालचा बर्थ दिला, आणि सवयीने सांगून गेले, "सांगलीला उतरला."

"सांगलीला?" मागची बाई म्हणाली. "कराड सोडून?"

"झोप लागली असंल गड्याला," एक म्हातारे निवृत्त नाईक भिंतीपाशी बसले होते, ते म्हणाले. "फुडं मिरजेला न्हाई गेला ह्येच नशीब."

हसणं सुरू झालं. माझी बातमी आता हातातून जात होती. एकदा उतरण्याचं ठिकाण चुकलं की माणसं रजेवर शंका घेतात, रजेवरून ताटावर येतात आणि ताटावरून गोळ्यावर.

"झोप न्हाई आन काय न्हाई," आई म्हणाली. "बहीण हाय त्याची सांगलीला. तिला भेटून मंग गावाकडं आला. बहिणीला भेटाय नगं व्हय?"

सिनेमात नायकाला बहीण नव्हती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पण यावर कुणी हरकत घेतली नाही. बायका उठल्या. मी घोंगड्या सोडल्या.

संध्याकाळी सुभेदारांकडे हजेरी झाली. सगळा वृत्तांत त्यांच्यापर्यंत आधीच पोचला होता. काळ्या चष्म्यातून त्यांना मी कितपत दिसत होते कोण जाणे, पण ते माझ्याकडेच बघत होते.

"साठ दिस? सलग?"

"जास्त झाले का?"

"मला आख्ख्या नोकरीत मिळालं न्हाईत. बाया गप बसल्या म्हणून बरं. एखादा हवालदार उठला असता तर काय सांगितलं असतंस?" थोडं थांबून ते म्हणाले, "दुसऱ्या ताटाचं मात्र बरं सुचलं. इतक्या वर्सांत मी कधी जेवणात हात घातला न्हाई. गाडी, बर्थ, एसटी, येवढंच."

"आईनं विचारलं म्हणून सांगितलं."

"आन फोन?"

"न्हाई अजून."

रीत त्यांचीच होती, पण तिचा उपयोग किती आणि कुठपर्यंत, हे त्यांनाही माहीत असावं. आईने त्या दिवशी भाकरीचा तुकडा मोडला आणि ताट सारलं. पोटात जड वाटतंय म्हणाली.

सांगलीला परतायच्या दिवशी सकाळी मी पिशवी भरून एसटीच्या वेळेची वाट बघत होते. आईचा फोन वाजला. तिला ऐकायला कमी येतं, म्हणून ती आवाज बाहेर ठेवून बोलते. सगळी गल्ली ऐकते.

"आई, कशी हाइस?" भाऊ म्हणाला. आवाज तुटत होता.

"जेवलास का?"

"जेवलो."

एकवीस दिवसांचा हिशेब तिने मागितला नाही. उशीर का झाला हेही विचारलं नाही. ती थेट यात्रेच्या सिनेमावर आली. तुझ्या बहिणीनं कसा दाखवला, नायक कसा होता, खंदकाशेजारी जेवायला कसे बसले होते. भाऊ म्हणाला, "हां, त्यो व्हय. आमी बगितलाय त्यो युनिटात."

मी पिशवी खाली ठेवली. ते युनिटात सिनेमे पूर्ण पाहतात. सुभेदारांचं राज्य तिथं चालत नाही.

"त्याचं ताट सांडतं बग," आई म्हणाली.

"व्हय."

"मंग दुसरं देत्यात न्हवं?"

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. रेंज गेली असेल, किंवा तो विचार करत असेल. दोन्ही शक्य आहे, म्हणून इथं दोन्ही नोंदवते.

"देत्यात की," तो म्हणाला.

"गार?"

"न्हाई न्हाई. गरम देत्यात."

आईने माझ्याकडे पाहिलं. कुठलीही बातमी सोडण्याआधी दोन स्वतंत्र सूत्रांकडून खात्री करून घ्यावी, असा आमच्याकडे नियम आहे. या विषयावर माझं आणि भावाचं आधी काहीही बोलणं झालेलं नव्हतं.

रजेचं विचारल्यावर तो म्हणाला, कागद वर गेलेत, बघू. ते तिने ऐकून घेतलं. फोन ठेवला आणि रात्रीची शिळी भाकरी चहात बुडवून उभ्यानेच खाल्ली, एक संपली तशी दुसरी घेतली. मग पायात चपला घातल्या.

"कुठं निघालीस? माझी एसटी यायची वेळ झाली," मी म्हणाले.

"बाकीच्या बायास्नी सांगून येते," ती म्हणाली. "त्यास्नी उगंच घोर लागून राहिला हाय."