केळं फळात धरलंच नव्हतं

“दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात,” जळगावच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. माझ्या नवऱ्याच्या पायांना सूज होती, म्हणून आम्ही दाखवायला आलो होतो. मला वाटलं होतं, केळीच्या बागेत दिवसभर उभं राहून आली असेल.

क्रिएटिनिन फार वाढलं होतं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातली घाण, किडनीने बाहेर टाकायची. ते काम आता मशीन करणार, त्याला डायलिसिस म्हणतात. “फळं बंद,” बाईंनी बजावलं. “फारच वाटलं तर साल काढलेल्या सफरचंदाच्या दोन पातळ फोडी. फळांतलं पोटॅशियम रक्तात साठलं तर हृदय बंद पडू शकतं.”

मुक्ताईनगरजवळच्या आमच्या घरात फळ कापायची सवयच नाही. केळं सोललं की झालं. विळीवर सफरचंद सोलायला मी या वयात शिकले. निम्मा गर सालीबरोबरच जायचा. भेटायला येणाऱ्यांनी आणलेली संत्री, डाळिंबं मी दारातूनच शेजारी वाटून टाकायची. वाटायचं, आपलं सगळं चोख चाललंय.

एका सकाळी हे ओट्यावरून उठले आणि मटकन खाली बसले. हात उचलेना. नाडी हाताला लागेना. गाडीत जळगावपर्यंत मी यांचं मनगट धरून होते आणि देवाला चक्क शिव्या देत होते.

ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख, पाहून बाई ओरडल्याच. “पोटॅशियम चढलंय. घरी काय खाल्लं?” मी रागाने म्हटलं, काही नाही! त्यांनी यांना आत नेलं.

बाकावर माझ्या सासूबाई, अक्का, रडत होत्या. “फय तं मी एकबी देलं नाही व. केयं देत होती, दुधात कुस्करून. अंगात ताकद यावी म्हनून. केयं काय फय असतं? ते तं घरचं.”

त्यांचं तोंड बघू नये असं वाटलं मला. पण आमच्याकडे केळं कुणीच फळात धरत नाही. तो बागेतला माल. तान्ह्या बाळाला तेच, म्हाताऱ्यालाही तेच.

दार उघडेपर्यंत मी मनातल्या मनात विधवा होऊन बसले होते. “वाचले,” बाई म्हणाल्या. “पुढच्या वेळी सांगता येणार नाही.”

आता आठवड्यातून दोनदा मशीन. हे पूर्ण बरे होणार नाहीत, एवढं मी गिळलंय. तुमच्या घरी हे दुखणं आलं तर घरातल्या एकेका खाण्याचं नाव घेऊन डॉक्टरांना विचारा. लाजू नका.

परवा घरात घड पिकला. वासाने हे कासावीस झाले. “माय, एक घास दे. मरायचं तं आहेच.”

अक्कांनी जन्मात मुलाला नाही म्हटलं नव्हतं. त्या विळीवर सफरचंद सोलत बसल्या होत्या, उठल्या नाहीत. “नाही देत,” म्हणाल्या आणि सफरचंदाची पातळ फोड यांच्या तोंडात घातली. मी घड उचलून अंगणात नेला आणि तिथेच रडून घेतलं. अक्कांच्या त्या ‘नाही’चे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.