डुप्लिकेटचं मॅगझिन

मंडळी, आज एडमंटनच्या शूटिंग रेंजवर माझ्या स्वस्तातल्या पिस्तुलाचा भाव वाढला.

शंभर वर्षांपूर्वीच्या एका नावाजलेल्या पिस्तुलाची ती कॉपी आहे. ट्रिगर जरा खरखरतो, रंगही लवकर उडाला, पण इतक्या वर्षांत एकदाही अडकलेलं नाही. आमच्या जोशीकाकांकडे, म्हणजे रिटायर्ड डॉक्टरांकडे, अस्सल आहे. ते माझ्या पिस्तुलाला कायम "तुझं डुप्लिकेट" म्हणतात.

आज काकांचं अस्सल सारखं अडकायला लागलं. गोळ्या भरतात त्या मॅगझिनची स्प्रिंग गेली होती. काका सामान आवरू लागले.

मी म्हटलं, "काका, माझं मॅगझिन लावून बघा."

"डुप्लिकेटचं? बसणार नाही रे."

खटकन बसलं. सगळ्या गोळ्या न अडकता सुटल्या.

काकांनी दोन्ही पिस्तुलं शेजारी ठेवून निरखली. "केसभरही फरक नाही. बनवणाऱ्यानं मन लावून बनवलंय."

निघताना पार्किंगमध्ये म्हणाले, "रविवारी येतोयस ना? माझ्या पिस्तुलाच्या धाकट्या भावालाही घेऊन ये."

आता कॅनडात कायद्यानं नवीन पिस्तूल घेता येत नाही, आहे तेच जपायचं. तुमच्यापैकी कुणाकडे आहे का असं धाकटं? कसं चालतं?