गाडी बाहेर जाऊ दे!

लग्नानंतर मी पहिला नवस बोलले तो ह्यांच्या नोकरीसाठी. हे तेव्हा भोसरीच्या एका कंपनीत टेंपररी होते. मी एकवीस मंगळवार धरले आणि देवाला म्हटलं, ‘ह्यांना पर्मनंट कर.’ विसाव्या मंगळवारी पत्र आलं. हे पर्मनंट झाले, आणि सेकंड शिफ्टला पर्मनंट झाले! सहा वर्षं आमचं संध्याकाळचं जेवण एकत्र झालं नाही. देवाची काही चूक नाही. शिफ्ट कोणती ते मी बोललेच नव्हते.

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या वर्षीचा ट्रक. ह्यांची, सलीमभाईंची आणि दत्तूअण्णांची जुना ट्रक पुन्हा चालता करायची बैठक आमच्या पिंपळे गुरवच्या घरात भरायची. चहा नेऊन ठेवता ठेवता माझ्याजवळ इतके किस्से साठले, की आता कुणी नुसतं ‘कशा आहात?’ विचारलं तरी मी ट्रकवरच येते.

*

आधी माणसं सांगते. आमचे हे रिटायर झालेले, आयुष्य टूलरूममध्ये गेलं, त्यामुळे प्रत्येक गोष्ट पुस्तकात बघून करणार. सलीमभाईंचं थेरगावला गॅरेज, ते सगळं कानाने ओळखणार. इंजिनला स्क्रू-ड्रायव्हर लावायचा, दुसरं टोक कानाला, आणि डोळे मिटायचे. दत्तूअण्णा मोशीचे, वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लांब नाकाचा तो ट्रक त्यांचाच. तीस वर्षं त्यांनी चालवला, पुढची वीस वर्षं तो त्यांच्या घरामागच्या जागेत उभा.

सुरुवातीलाच वाद झाला रंगाचा. हे म्हणाले, “ओरिजिनल रंगच द्यायचा.” पण ओरिजिनल कोणता? घासायला घेतलं तर निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली पुन्हा निळा. सलीमभाई म्हणाले, “हिरवा.” हे म्हणाले, “पुस्तकात निळा आहे.” तीन दिवस हेच चाललं. शेवटी माझ्या लक्षात आलं, की अण्णांना कुणी विचारलंच नाही.

अण्णा म्हणाले, “मला काय ठावं? मी आत बसायचो!”

*

गुढीपाडव्याला श्रीखंड करायचं म्हणून चक्का बांधायचं फडकं शोधत होते. मऊ, जुन्या मलमलीचं, माझ्या आईने दिलेलं. सगळं घर पालथं घातलं. दुपारी मोशीला डबा द्यायला गेले तर फडकं ट्रकच्या डिझेल टाकीच्या तोंडाला बांधलेलं!

“टाकीत वीस वर्षांचा गाळ आहे,” हे म्हणाले. “डिझेल गाळून घ्यायला इतकं बारीक कापड बाजारात मिळत नाही.”

सणाच्या दिवशी काय बोलायचं? पण माझा चेहरा बघून सलीमभाईंनी हातातला पाना खाली ठेवला.

“वहिनी, रागावू नका. इंजिन खानदानी आहे. साध्या फडक्यातलं त्याला पचत नाही!”

*

एकदा मी आणि हे मोशीहून बसने परत येत होतो. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या आणि हे मागच्या सीटवरून फोनवर सलीमभाईंशी मोठ्याने बोलत होते.

“म्हातारीचे सगळे दात झिजलेत हो! ... नाही, नवीन बसवायचे नाहीत, दुसऱ्या एका म्हातारीचे काढून आणू ... उद्या सकाळी साखळीने बांधून वर उचलू आणि पोट उघडू ... तेल गळतंय ते गळू दे, खाली परात ठेवलीय.”

हे गिअरबॉक्सबद्दल बोलत होते. पण ते शेजारच्या बाईंना कसं कळावं? त्यांनी दोनदा मागे वळून बघितलं. मग पदर सावरून अगदी हळूच मला विचारलं, “हे कुठल्या हॉस्पिटलात असतात हो? आमच्या सासूबाईंना चुकून तिथे न्यायला नको, म्हणून विचारते.”

*

श्रावणात मात्र हसणं थांबलं.

अण्णांचा मुलगा विलास स्वभावाने वाईट नाही. पण त्याला त्या जागेवर गोडाऊन बांधायचं होतं. भोवती नवीन पत्र्याचं कंपाउंड घालून झालं होतं. एक दिवस तो आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “काका, दसऱ्यापर्यंत थांबतो. तोवर गाडी स्वतःच्या ताकदीवर कंपाउंडच्या बाहेर गेली, तर सलीमभाईंच्या गॅरेजला घेऊन जा. ओढून नाही, ढकलून नाही. चालत नसेल तर ते भंगार. मी गॅस कटरवाल्याला सांगून ठेवलंय.”

दुसऱ्या दिवसापासून अण्णा ताट घेऊन केबिनमध्ये जेवायला बसू लागले. सूनबाई हाका मारायची. ते वरून म्हणायचे, “हितंच बरं हाय.”

विलास येऊन गेला त्याच रात्री मी गोड सोडलं. या वेळी नवस अगदी विचार करून बोलले. पहिल्यासारखं व्हायला नको. ‘गणराया, दसऱ्याच्या आत, अण्णांच्याच हातून, स्वतःच्या ताकदीवर गाडी कंपाउंडच्या बाहेर जाऊ दे.’ दिवस सांगितला, माणूस सांगितला, जागा सांगितली. कागदावर लिहून ह्यांना वाचून दाखवलं, मोशीतही सगळ्यांना सांगितलं. हे म्हणाले, “यात आता काही राहिलं नाही.”

*

अण्णांचा एक नियम होता. गाडी उभी केली की गिअरमध्ये टाकायची. जागा गेटाकडे उतरती, म्हणून मागचा गिअर. एकदा ह्यांनी नुसता हँडब्रेक ओढला, तर अण्णांनी ह्यांच्या हातावर चापट मारली. रिटायर माणसाच्या हातावर!

“ह्यो दांडा नुस्ता शोभेचा हाय,” अण्णा म्हणाले. “मालकानं दिलाय म्हनून ठिवलाय.”

“मालक कोण?” ह्यांनी हात चोळत विचारलं.

“मीच की!”

*

दसऱ्याच्या दोन दिवस आधी संध्याकाळी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. दहा मिनिटं चाललं. सलीमभाई स्क्रू-ड्रायव्हर कानाला न लावताच रडले. “धूर गेला डोळ्यात,” म्हणाले. अण्णांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि बोनेटवरून हात फिरवून घरात गेले.

खंडेनवमीला सकाळी पूजा ठेवली. ट्रकचं तोंड गेटाकडे. पुढे मी, हे, सलीमभाई, हातात हार घेऊन विलास, त्याची बायको, आजूबाजूचे चार लोक. मी नारळ वाढवला. पुढच्या दोन्ही चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं. विलासने गेट सताड उघडलं. अण्णा पांढरा सदरा, टोपी घालून केबिनमध्ये चढले.

“अण्णा, हाणा सेल्फ!” सलीमभाई ओरडले.

अण्णांनी सेल्फ मारला. एक दणका बसला, काळा धूर निघाला, इंजिन धडधडू लागलं आणि ट्रक निघाला.

मागे!

आदल्या दिवशी अण्णांनी नेहमीप्रमाणे मागचा गिअर टाकून ठेवला होता. अण्णा विसरले, हे विसरले, सगळे विसरले. चढावर ट्रक बैलगाडीच्या वेगाने, पण न थांबता मागे चालला. सलीमभाई “क्लच! क्लच!” करत धावले. इंजिनच्या आवाजात कुणाला काय ऐकू जाणार? अण्णांनी नेहमीच्या ऐटीत एक हात खिडकीबाहेर काढला होता. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि ओरडले, “आरं, तुमी समदी मागं का चाल्लाय?”

तेवढ्यात पत्रे वाजले. विलासच्या नव्या कंपाउंडचे चार पत्रे आडवे झाले आणि ट्रक त्यांच्यावरून पलीकडच्या मोकळ्या पडिक रानात गेला. सलीमभाईंनी पायरीवर चढून इंजिन बंद केलं, तेव्हा कुठे तो थांबला.

मी खाली बघितलं. दोन्ही लिंबं जशीच्या तशी, साधा ओरखडासुद्धा नाही.

ह्यांनी ट्रकला एक फेरी मारली. टूलरूमची सवय! सहाही चाकं वाकून बघितली आणि म्हणाले, “पूर्ण बाहेर आहे. स्वतःच्या ताकदीवर.”

वरून अण्णांनी विचारलं, “विल्या, आली न्हवं भायेर?”

विलास हार घेऊन तसाच उभा होता. त्याने पत्र्यांकडे बघितलं, लिंबांकडे बघितलं. मग पत्र्यांवरूनच चालत ट्रकपाशी गेला, बोनेटला हार घातला, आणि परत येऊन पेढ्यांचा पुडा आधी माझ्यापुढे धरला.

“काकू, घ्या. नवसात गेट म्हणायचं राहिलं वाटतं तुमचं.”

या दिवाळीनंतर अण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. मी पुन्हा गोड सोडलंय. तुम्हीही त्यांच्यासाठी काहीतरी आवडीचं सोडा. चहा सोडा, सुपारी सोडा, तुमची मर्जी. फक्त मागताना ‘दोन्ही डोळे’ असं स्पष्ट म्हणा.