पुलावर सांगितलेलं नाव

पूलकाकाचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर. बावीस वर्षं तो आमच्या गावातून पुलापर्यंत रुग्णवाहिका चालवतोय. पुलाच्या मधोमध पांढरी रेषा, रेषेपलीकडे दुसरा देश. आमची गाडी तिथं थांबते, त्यांची येते, स्ट्रेचर बदलतं.

इकडचा दवाखाना फुकट, पण डॉक्टर सापडला तर. तिकडं डॉक्टर दारातच उभा, पण आधी अनामत, मग उपचार. अनामत म्हणजे आमच्या माणसाची वर्षाची कमाई. तरी लोक दागिने मोडून तिकडं पळायचे, आणि काका त्यात तेल ओतायचा. इथं फक्त पट्टी बांधून घ्या, असं सगळ्यांना सांगायचा.

रेषेवर पहारेकरी नाव विचारणार आणि रुग्णानं ते स्वतः सांगायचं, असा नियम. नाही सांगितलं तर तो मृतदेह. त्याचे कागद वेगळे, दोन दिवस लागणार. हा नियम करणाऱ्याला एकदा बेशुद्ध करून तिथं झोपवायला हवं. मास्कखाली ओठ दिसत नाहीत, म्हणून काका उशाशी उभा राहून रुग्णाच्या आवाजात नाव सांगायचा. म्हातारा, पोर, बाई, सगळे आवाज त्याला जमायचे. पहारेकऱ्याला ठाऊक होतं. तो खाली मान घालून लिहायचा.

एका दुपारी काकाची बायको भांडी घासताना छाती धरून खाली बसली. दवाखाना चार मिनिटांवर. काकानं तिकडं बघितलंसुद्धा नाही. तिला मास्क लावून गाडीत झोपवलं आणि मागं बसायला कुणी नसताना पंचवीस मिनिटं गाडी हाणली.

पहारेकऱ्यानं नाव विचारलं. काकानं तिच्या आवाजात सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मास्कखालून नाव आलं, स्वच्छ, ठणठणीत. तिचं माहेरचं नाव, बापाच्या आडनावासकट. वाचली, म्हणून काकाला रडू आलं.

पलीकडच्या डॉक्टरनं तपासून मान हलवली. "यांना जाऊन अर्धा तास होतोय. हृदयाला झटका देणारं यंत्र लगेच मिळालं असतं, तर काही आशा होती. तुमच्याकडं नाही का ते?"

होतं. महिन्यापूर्वी दवाखान्याच्या दारात सहा दिवस बसून आम्ही ते आणवलं, नर्सला शिकवून घेतलं. काका तेव्हा आम्हाला हसला होता.

"मग पुलावर कोण बोललं?" काकानं विचारलं. डॉक्टरनं त्याच्यासाठी पाणी मागवलं.

परतताना काका पहारेकऱ्याला म्हणाला, ते नाव खोड, मीच बोललो असेन. पहारेकऱ्यानं वही मिटली.

"काका, बावीस वर्षं तुमचे सगळे आवाज ऐकलेत मी. हा तुमचा नव्हता."

आता काका प्रत्येकाला आधी इथल्याच दवाखान्यात नेतो, डॉक्टर जागेवर नसला तर शिव्या घालून शोधून आणतो. पुलावर जायची पाळी आलीच, तर स्ट्रेचर रेषेवर ठेवून दहा पावलं मागं सरतो आणि तोंडावर रुमाल धरतो. पहारेकऱ्याची वही तरीही भरतेच.