बायकांच्या बाजूचं मत

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. यजमानांना नाही, मुलींना नाही. आज लिहिते आहे, कारण — कारण काही नाही. बाळगून बाळगून कंटाळले.

आमच्या शहापुरात एक जुनं संगीत नाटक पुन्हा नव्याने बसवलं होतं. नाटक तेच, ज्याची पदं बायका घरोघरी दळताना म्हणायच्या. पण आता निम्मी पदं कापलेली, विजेचे दिवे, आणि नायिकेच्या कामाला लुगडं नेसलेला पुरुष नाही — खरी बाई. ती बाई म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. तिचे यजमान ते बसवणाऱ्या नाटक कंपनीतच ऑर्गन वाजवायचे, म्हणून तिला मोकळीक. मला? गळा माझाही बरा होता. सासरी नुसतं गुणगुणलं तरी भांडी आपटली जायची. हे कारण म्हणून सांगत नाही. होतं तसं सांगते.

पहिल्या खेळानंतर पुरुषांत दोन तट पडले. म्हातारे म्हणाले, पदं कापून नाटकाची मुंडी मुरगळली. तरुण म्हणाले, बरं झालं, उजाडायच्या आत घरी तरी आलो. माझा धाकटा दीर वसंता एका साप्ताहिकात नाटकांवर लिहायचा, आणि त्याचं लिहिलेलं गाव मानायचं. असली नाटकं घरच्या सगळ्यांनी मिळून बघायची. बायका आल्या नाहीत तर घरंच्या घरं येणार नाहीत, मग चालणार कसं? आणि बायका बसायच्या वेगळ्या, पडद्याआड. पुरुषांसारखं ‘वन्समोअर’ ओरडायची सोय नाही. टाळीसुद्धा नाही. आवडलं तरी गप्प, नाही आवडलं तरी गप्प. तिकडचं बाहेर कळायचं कसं?

दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते. वसंता चुलीपाशी येऊन बसला.

“वैनी, तुम्ही हुता की तिकडं. बायकास्नी कसं वाटलं? सांगा की, तेवढंच लिवायचं ऱ्हायलंय.”

खरं काय होतं? आक्काचं शेवटचं पद लागलं तेव्हा शेजारच्या बाईने रडणाऱ्या पोराच्या तोंडात पदराचं टोक कोंबलं होतं — सूर निसटू नये म्हणून. एक बाई जागची हलली नव्हती. मी स्वतः — मी रडले होते.

मी म्हटलं, “निम्म्या बायका मधनंच उठून गेल्या. ऱ्हायलेल्या कान झाकून बसल्या.”

तसंच छापून आलं. ते वाचून पुढच्या खेळाला कोणी घरच्या बायकांना आणलंच नाही; बायकांची बाजू रिकामी. कंपनीने हे नाटक गुंडाळलं आणि निपाणीला पुन्हा जुनंच लावलं — सगळी पदं, नायिकेला पुरुष. आक्का घरी बसली.

मग एक दिवस ती माझ्याकडे आली. मी तांदूळ निवडत होते.

“तू हुतीस न्हवं गं तिथं? खरंच उठून गेल्या?”

तेव्हा तरी सांगता आलं असतं. वसंता पलीकडच्या खोलीतच होता, नुसती हाक मारायची होती. मी सुपातून मान वर केली नाही.

“व्हय, आक्का.”

“मग माझा आवाजच वंगाळ आसंल,” ती म्हणाली, आणि माझ्यासोबत खडे वेचायला बसली.

ती पुन्हा गायली नाही. नातवंडांना झोपवताना नुसती थोपटायची. थोपटताना बोटं तालात पडायची. मी शेजारी बसून बघत असे.