सुशीलाताईंचा तिसावा धडा

सुशीलाताई पाटील गेल्याचं मला आजऱ्याच्या एस. टी. स्टँडवर कळलं. सुट्टी संपवून मी भावाकडून कोल्हापूरला परत निघाले होते. आमच्या शाळेची एक जुनी विद्यार्थिनी गाडीतून उतरली, मला पाहून थबकली आणि म्हणाली, "बाई, तुम्हाला कळलं न्हाय व्हय? पाटीलबाई गेल्या की... कावीळ झालती." गाडी सुटायला दहा मिनिटं होती. मी तिकीट काढलं आणि खिडकीशी बसले. वाटेत रडू आलं नाही, नंतरही आलं नाही. आता महिना उलटलाय, आणि त्यांच्याविषयी लिहायला बसले तर आधी आठवतं ते त्यांचं स्पॅनिश.

शाळेत त्या संस्कृत शिकवायच्या, मी भूगोल. मूळच्या शिरोळकडच्या, शेतकरी घरातल्या. लग्न केलं नव्हतं. आईला, म्हणजे आव्वांना, घेऊन मंगळवार पेठेत दोन खोल्यांत राहायच्या. थोरला भाऊ माधव जहाजावर इंजिनाच्या कामाला होता. लढाईच्या दिवसांत तो अर्जेंटिनात उतरला तो तिथलाच झाला. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षी त्याचं पत्र आलं की एलेना नावाच्या तिथल्या मुलीशी लग्न केलंय, आणि तिला स्पॅनिशशिवाय दुसरी भाषा येत नाही. ताईंनी मुंबईहून इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं एक पुस्तक आणि जाडजूड शब्दकोश मागवला. "वहिनीशी बोलायला नको का?" एवढंच म्हणाल्या. पुस्तकात चाळीस धडे होते. आठवड्याला एक, क्रमानं. पुढचं पान आधी चाळणं त्यांना कधीच पटलं नाही. वर्गातल्या मुलींनाही त्या ते करू देत नसत.

त्यांचे अठरा धडे झाले असतील, तेव्हा माधवचं शेवटचं पत्र आलं. छातीच्या दुखण्यानं तो इस्पितळात होता, यापुढं एलेनाच लिहील असं त्यात होतं. मग दोन महिने काहीच नाही. आव्वा रोज पोस्टमनच्या वेळेला दारात येऊन बसायच्या. अखेर एलेनाचं पत्र आलं. रविवारी दुपारी मी पेपर तपासायला त्यांच्याकडे गेले, तेव्हा ताई शब्दकोश उघडून ओळ न् ओळ लावत होत्या आणि आव्वा समोर बसून होत्या. "तुमचा भाऊ शांतपणे विश्रांती घेतोय, तो तुमच्याबद्दल फार बोलायचा," असं त्यांनी वाचून दाखवलं. 'बोलायचा' का, तर डॉक्टरांनी बोलायला मनाई केली असेल, असं ताईच म्हणाल्या. विश्रांतीच्या त्या क्रियापदाच्या शेवटी 'आ' हवा होता, तिथं एलेनानं 'ए' लिहिला होता. ताईंनी सवयीनं लाल पेन्सिलीनं तो सुधारला. पुढं घराचं, थंडीचं काहीबाही होतं. आव्वांनी गल्लीत साखर वाटली. मीही खाल्ली.

तीन आठवड्यांनी मी गेले, तेव्हा पुस्तक तिसाव्या धड्यावर उघडं होतं आणि ताई त्याकडं पाहत नव्हत्या. आव्वा देवळात गेल्या होत्या.

"'देव तुला सुखी ठेवो' म्हणतो आपण," त्या म्हणाल्या. "ठेवतो नाही, ठेवो. म्हणजे काय?"

"ठेवावं, अशी आपली इच्छा."

"स्पॅनिशमध्ये त्याला वेगळं रूप आहे. 'आ'चा 'ए' होतो." त्यांनी पत्र माझ्यापुढं सरकवलं. "वहिनीचं बरोबर होतं. विसावतो नाही, शांतपणे विसावो... असं आपण कुणाबद्दल म्हणतो?"

त्यांनी रबर घेऊन ती लाल खूण खोडायचा प्रयत्न केला. कागद तिथं विरला. माधव गेल्याचं कळवणारं एलेनाचं आधीचं पत्र वाटेतच कुठं तरी हरवलं होतं, हे पुढं कळलं.

आव्वांना त्याच संध्याकाळी सांगितलं. मी थांबावं असं ताईंना वाटलं, म्हणून थांबले. "आव्वा, मी चुकीचं वाचलं हुतं," त्या म्हणाल्या. "दादा न्हाय ऱ्हायला." आव्वांनी विचारलं, "त्या पोरीजवळ कोण हाय?"

"कुणी न्हाय."

"मग लिही तिला. म्हणावं, हिकडं ये. माझी इच्छा हाय म्हणून लिही."

एकानं दुसऱ्यासाठी धरलेली इच्छा. नेमकं तेच रूप लागणार होतं. त्या एका वाक्यावर ताई चार दिवस बसल्या होत्या. शाळेत मधल्या सुट्टीत चहा तसाच ठेवून कागदावर तीच ती रूपं लिहीत राहायच्या. ज्या बाईंनी कधी एक शब्द खोडला नाही, त्यांचे सात-आठ कागद त्या आठवड्यात वाया गेले. "या खेपेला चुकून चालणार नाही," असं मला एकदाच म्हणाल्या.

एलेना आली नाही. येणार नाही असंही तिनं कधी लिहिलं नाही. मात्र पत्रं येत राहिली, वर्षाला तीन-चार, आणि ताई ती आव्वांना वाचून दाखवत. त्या तीन आठवड्यांविषयी दोघी माझ्यादेखत पुन्हा कधी बोलल्या नाहीत. एकदा, ताई स्वयंपाकघरात असताना, आव्वा मला म्हणाल्या होत्या, "तीन आठवडं जास्त जगला की माझा लेक." तक्रार नव्हती, पाऊस उशिरा आला, असं सांगावं तसा सूर होता.

गेल्या रविवारी भेटायला गेले. आव्वा आता एकट्याच असतात, शिरोळहून एक नातलग बाई सोबतीला आली आहे. ताईंच्या टेबलावर एलेनाचं नवं पत्र होतं, बंद. तिला अजून काही माहीत नाही. आव्वांनी ते फोडून माझ्या हातात दिलं.

"वाच."

"मला येत नाही, आव्वा."

त्यांनी ताईंची खुर्ची माझ्याकडं सरकवली. "सुशीलाला तरी आधी कुठं येत हुतं?"